स्वतःच्या पत्त्यावरचं लेखन

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये हुसेन दरख्शान तेहरानच्या तुरुंगातून सुटले. त्यांना २००८ च्या नोव्हेंबरमध्ये अटक झाली होती आणि साडेएकोणीस वर्षांची शिक्षा सुनावली गेली होती. माफी मिळाली म्हणून सहा वर्षांत बाहेर येता आलं. गुन्हा मुख्यतः लिहिण्याचाच होता. इराणमध्ये त्यांना ‘ब्लॉगपिता’ म्हणत. सुटल्यावर त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, लेखाचा दुवा फेसबुकवर टाकला आणि वाट पाहिली. तीन लाइक आले. ज्यांनी नुसता दुवा दिला की दुसऱ्याच्या ब्लॉगवर वाचकांची रीघ लागे, त्या लेखकाला तीन! सहा वर्षांत काय बदललं, याचा शोध घेत त्यांनी जुलै २०१५ मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. वाचक आता पत्ता शोधत कुणाच्या पानावर येत नाहीत, समोरून वाहत जाणारा मजकूर पाहत बसतात, आणि त्या प्रवाहात काय सोडायचं हे दोन-चार कंपन्या ठरवतात, हे त्यांचं निदान होतं.

आज ‘सोशल मीडियापासून महिनाभर सुट्टी, तोवर फक्त ब्लॉग’ असं जाहीर करणारी माणसं जगभर भेटतात. हे नवं फॅड आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती मूळ व्यवस्थेकडे परतण्याची धडपड आहे.

मूळ व्यवस्था अगदी साधी होती. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजमधल्या जस्टिन हॉल या विद्यार्थ्यानं स्वतःचं पान तयार केलं. आधी आवडलेल्या दुव्यांची यादी, मग मैत्री, प्रेम, वडिलांचा मृत्यू, असं सगळं तो तिथं लिहीत गेला. पण त्यासाठी संगणकाची भाषा यावी लागे. ती अट ऑगस्ट १९९९ मध्ये गळून पडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीनं ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली: चौकटीत लिहा, बटण दाबा, लेख प्रसिद्ध. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलनं ही कंपनीच विकत घेतली. तिचे एक संस्थापक इव्हान विल्यम्स यांचं नाव लक्षात ठेवायला हवं. पुढे ते ट्विटरच्याही संस्थापकांत होते, आणि २०१२ मध्ये लांब लेखांसाठी ‘मीडियम’ काढणारेही तेच. दरख्शान यांचा लेख छापून आला तो मीडियमवर. या लेखनप्रकाराची वाट सोपी करणं, ती गजबजाटात हरवणं आणि पुन्हा शोधणं, तिन्ही टप्प्यांवर हा एक माणूस उभा दिसतो.

लिपीचा अडसर मात्र इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कधी कळलाच नाही. दरख्शान ‘ब्लॉगपिता’ झाले ते हा अडसर दूर केल्यामुळेच. २००१ मध्ये टोरांटोत राहत असताना त्यांनी युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत वापरून ब्लॉगरवर फारसीत कसं लिहायचं, याची पायरीपायरीनं माहिती देणारी टिपणं प्रसिद्ध केली आणि बघता बघता हजारो इराणी लिहू लागले. मराठीची कोंडी याच जातीची होती. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांवर ती नीट उमटायला विंडोज २००० आणि एक्सपीची वाट पाहावी लागली. त्याआधी ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्रीलिपी’ असे फाँट होते आणि लेखकाचा फाँट वाचकाकडे नसला की पडद्यावर नुसती खिचडी दिसे. ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारख्या सुविधा आल्या आणि २००४-०५ च्या सुमारास मराठी ब्लॉग वाढू लागले.

काय नव्हतं त्यांत? गडकोटांच्या वाटा, आजीच्या हातचे पदार्थ, न्यू जर्सीतला पहिला हिवाळा, पुण्यातल्या कंपनीतली रात्रपाळी, गावातल्या बोलीचे शब्द. यातलं बरंचसं ‘साहित्य’ म्हणून कुठल्याच संपादकाकडे गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी ‘साभार परत’ आलं असतं. तोवर मराठीत स्वतःच्या हक्काच्या जागी लिहायचं तर छापखाना, कागद आणि वर्गणीदार लागत. गोपाळ गणेश आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. आपली मतं दुसऱ्याच्या धोरणाच्या मर्यादेत मावणार नाहीत, हे त्यांना उमगलं होतं. पण त्यासाठी त्यांनी सोसलेली ओढगस्त सर्वांना कुठून परवडणार? ब्लॉगनं ती किंमत जवळजवळ शून्यावर आणली. मराठी गद्याच्या इतिहासात ही मोठी घटना आहे आणि तिची अजून पुरेशी नोंद झालेली नाही.

भारतात ब्लॉगची ताकद दिसली ती संकटांत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉगरांनी मदतीची माहिती एकत्र करणारा ब्लॉग उभा केला आणि जगभरचे स्वयंसेवक त्याला येऊन मिळाले. अमित वर्मा तमिळनाडूच्या किनारपट्टीवर फिरून ‘इंडिया अनकट’ या आपल्या ब्लॉगवर डोळ्यांनी पाहिलेलं लिहीत होते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये बाँबस्फोट झाले, तेव्हा ‘मुंबई हेल्प’ या ब्लॉगवर परदेशातून निरोप येत होते आणि मुंबईतली अनोळखी माणसं फोन लावून त्यांच्या आप्तांची खुशाली कळवत होती. त्याच आठवड्यात सरकारनं काही मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथं असत ते अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. काही दिवसांनी ते पूर्ववत झालं, पण स्वतःची म्हटलेली जागाही कुणाच्या तरी वाड्यात आहे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो फारसा कुणी घेतला नाही. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकनं न्यूज फीड आणलं. प्रतिक्रिया मिनिटांत मिळू लागली आणि लेखाला दाद यायला चार दिवस लागतात ही गोष्ट लोकांना सोसवेना. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं. आवडीच्या ब्लॉगांवरचं नवं लेखन एका जागी, तारखेच्या क्रमानं वाचता यावं यासाठीचं ते साधन होतं. २०१६ मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्रामनंही तारखेचा क्रम सोडून यंत्रानं लावलेला क्रम धरला. मराठीत व्हॉट्सअ‍ॅपनं आणखी एक नुकसान केलं: लेखाखालचं नावच गळून पडू लागलं. व. पु. काळे यांनी कधी न लिहिलेली वाक्यं त्यांच्या नावानं फिरतात, आणि ज्यानं खरोखर चार रात्री जागून लिहिलं त्याचा मजकूर निनावी फॉरवर्ड होतो. लेखकावर याहून मोठा अन्याय नाही.

शिवाय भाड्याच्या जागा मोडतातच. लोकांची व्यक्तिगत पानं ठेवणारं जिओसिटीज २००९ मध्ये अमेरिकेत बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलावंतांचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. बंदीची कारणं काही असोत, त्या पोरांच्या कष्टाची नोंद राहील असा दुसरा पत्ता बहुतेकांकडे नव्हता.

परतीची वाट काही जणांनी आधीच आखली होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ‘इंडीवेब’ मंडळींचं पहिलं शिबिर भरलं. त्यांचा आग्रह एवढाच: आधी स्वतःच्या पत्त्यावर लिहा, मग हवं तर त्याची प्रत इतरत्र टाका. विज्ञानकथालेखक कोरी डॉक्टरो यांनी २०२० मध्ये ‘बोइंग बोइंग’ हा सामूहिक ब्लॉग सोडल्यावर नेमकं हेच केलं. ‘प्लुरॅलिस्टिक’ या त्यांच्या ब्लॉगवर ना जाहिराती आहेत, ना वाचकाचा माग काढणारी यंत्रणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली आणि ही वाट धरणाऱ्यांत भर पडली.

नुसती सुट्टी घेतल्यानं मात्र लिहिणं होत नाही. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, मनालाही थोडं बरं वाटलं. तो तास गेला कुठे? टीव्हीपुढे आणि घरच्यांच्या, मित्रांच्या सहवासात. मोकळ्या तासाचं लेखन व्हायचं तर लिहायची जागा आधीच ठरलेली हवी. म्हणूनच ब्लॉग हाताशी असणाऱ्यांची सुट्टी फळते, बाकीच्यांची सुट्टी संपते.

२००५ ते २०१२ या काळात सुरू झालेले असंख्य मराठी ब्लॉग आज शेवटच्या नोंदीपाशी थांबलेले आहेत. त्यांतल्या कुणाचे पासवर्ड हरवलेत, कुणाचे लेखकच राहिले नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या जुन्या ब्लॉगवर एकदा लॉगिन करावं, बॅकअपची सोय वापरून सगळ्या लेखांची प्रत उतरवून घ्यावी, घरातल्या एकाला तरी ती कुठे ठेवली आहे ते सांगावं, आणि जमलं तर त्याच बैठकीत पुढची नोंद लिहावी.