पॅकेट रेडिओ आणि देवनागरी लिपी

संदेशाचे लहान तुकडे करून ते संगणकांमध्ये बिनतारी मार्गाने पाठविण्याची पद्धती हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये अमलात आणली. हौशी रेडिओचालकांनी ती १९७८ मध्ये माँट्रियल येथे अवलंबिली. १९८४ मध्ये ‘एएक्स.२५’ या नियमसंहितेच्या दुसऱ्या आवृत्तीने तिला स्थैर्य आले.

या संहितेची रचना भाषेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पत्त्यात केवळ रोमन अक्षरे व अंक चालतात. मजकुरात मात्र आठ बिटांचा कोणताही संकेत चालतो. अर्थात १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक सिद्ध झाल्यावर देवनागरीस तत्त्वतः अडथळा उरला नव्हता. तथापि ‘टीएनसी-२’ या प्रचलित उपकरणाची मूळ जुळणी सात बिटांची असे. लिपी अडली ती संहितेत नव्हे, उपकरणात.

या अडथळ्याचे मोल आपत्तीत कळते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी केंद्रे उपयोगी पडली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यातील नदीकाठ वेढला. त्याच काठावरील पवनी रोमनमध्ये कधी ‘पी-ए-यू-एन-आय’, तर कधी ‘पी-ए-व्ही-ए-एन-आय’ असे लिहिले जाते. यंत्राला ती दोन गावे वाटतात. म्हणून संदेशवहनाच्या इतिहासात लिपीचा प्रश्न गौण मानता येत नाही.