परळची बाटली

माहीमहून परळला जावयाचें म्हणजे वाटेंत दादर लागतें. दादर-माटुंग्याकडील सरळ, रुंद रस्ते पाहून नवख्या माणसास वाटेल, कीं ही कुणा रसिक नगररचनाकाराची हौस असावी. परंतु त्या रस्त्यांचें मूळ एका जंतूंत आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे रोगी प्रथम ओळखले. पाहतां पाहतां शहर ओस पडूं लागलें, आणि कोंदट वस्ती मोकळी करावी या हेतूनें १८९८ त सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या वसाहती त्याच ट्रस्टच्या योजनांतून निघाल्या.

परळास पोंचल्यावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तु दिसते. मूळचा हा पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ. पुढें तें गव्हर्नरसाहेबांचें निवासस्थान झालें. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथेंच पटकीनें वारल्या, आणि गव्हर्नरांचें बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललें. ज्या वाड्यांतून एका जंतूनें लाटसाहेबांना घालविलें, त्याच वाड्यांत १८९९ सालीं जंतूंचीच प्रयोगशाळा आली, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

प्रयोगशाळेचे चालक वॉल्डेमार हाफकिन हे मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेले. मुंबईंत आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. कृति मोठी गमतीची होती. मांसरसावर ते तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतूंचीं झुंबरें खालीं लोंबूं लागत. मग तें सर्व तापवून जंतु मारावयाचे आणि वर थोडें कार्बोलिक घालावयाचें.

हे जंतु उष्णतेनें इतक्या सहज कां मरतात, हें समजण्यास त्यांची घडण पाहिली पाहिजे. जंतु म्हणजे एकच पेशी. आपल्या पेशींत असतें तसें पडद्याआड ठेवलेलें केंद्र तिच्यांत नसतें. वंशद्रव्याचें वेटोळें आंतील रसांत मोकळेंच पडलेलें असतें. भोंवतीं एक नाजूक पटल, आणि बहुतेकांस त्याबाहेर भिंत. एवढ्या प्रपंचांत प्रत्येकानें आपापली सोय केलेली आहे. पटकीचा जंतु स्वल्पविरामासारखा वांकडा असून एका शेपटीनें पोहतो. क्षयाच्या जंतूची भिंत मेणचट, म्हणून औषध आंत शिरतां शिरत नाहीं. प्लेगचा जंतु आंखूड दांड्यासारखा, इतका लहान कीं एका मिलिमीटरांत पांचसहाशें सहज ओळीनें बसतील. त्याला शेपटी नाहीं, आणि संकटसमयीं बीज धरण्याची विद्याही नाहीं. म्हणून तो उष्णतेपुढें टिकत नाहीं.

ही विद्या ज्याला उत्तम साधली आहे तो धनुर्वाताचा जंतु. हवा त्याला सोसत नाहीं. दिवस वाईट आले म्हणजे तो एका टोंकाशीं कठीण कवचाचें बीज धरतो आणि नगाऱ्याच्या टिपरीसारखा दिसूं लागतो. असें बीज मातींत वर्षानुवर्षें पडून राहतें आणि साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीं. (खिळा लागला म्हणजे घरोघर गंजाची चौकशी होते, खरी चौकशी मातीची व्हावयास पाहिजे.)

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांस परळची लस टोंचण्यांत आली. आठवडा सरतो न सरतो तोंच त्यांतील एकोणीस जणांस धनुर्वात झाला, आणि ते सर्व दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलींतील होती. मागणी वाढल्यामुळें हाफकिन यांनीं नवी कृति घेतली होती व कार्बोलिक वगळलें होतें. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें निर्णय दिला कीं, दोष बाटली उघडण्यापूर्वींचाच. म्हणजे परळचा. हाफकिन यांचें पद गेलें.

परंतु साक्षींतच एक गोष्ट नमूद होती. त्या दिवशीं गांवांत बाटलीचें बूच काढतांना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो केवळ कार्बोलिकच्या पाण्यांत हलवून पुन्हा वापरण्यांत आला होता. बीजाला एवढ्या स्नानानें काय होणार? उलट, परळला भरलेल्या बाटलींत हे जंतु कित्येक आठवडे वाढत असते, तर बाटली उघडतांच दुर्गंधि सुटली असती. ती कोणास आली नाहीं. कार्बोलिक वगळण्याचा निर्णय हाफकिन यांचाच होता, हें विसरतां येत नाहीं. तें असतें तर जंतूंची वाढ खुंटली असती. बीज मात्र त्यानेंही मेलें नसतें. माझ्या मतें मंडळानें बाटलीचा इतिहास तपासला, जंतूचा तपासला नाहीं.

हा दोष दाखवून देण्यास पांच वर्षें लागलीं. १९०७ च्या जुलैंत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. सरकारनें पुन्हा नोकरी देऊं केली. परंतु परळची जागा मोकळी नव्हती. ते कलकत्त्यास गेले, आणि निवृत्त होऊन तेथूनच युरोपांत परतले. १९२५ सालीं परळच्या संस्थेला त्यांचें नांव देण्यांत आलें, तेव्हां ते हयात होते. १९३० त लोझान येथें ते वारले.