गुरसरायची गढी आणि कथेचे बीज

परप्रांती नोकरीस असलेल्या मराठी माणसास लिहिण्याची हौस असली म्हणजे त्याच्यापुढे एक अडचण हटकून उभी राहते: लिहावयाचे कशावर? दहा-बारा वर्षांपूर्वी सोडलेला वाडा, तेथील तुळशीवृंदावन आणि आजीचे पाठीवरून फिरणारे हात ह्यांवर दोन-चार कथा होतात. पुढे शिदोरी सरते. आमचेही तसेच झाले. गेल्या वर्षी मोठ्या उमेदीने लिहिलेली आमची एक कथा संपादकांकडून साभार परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते की, ही कथा आपण पूर्वी कोठेतरी वाचली असावी. राग आला खरा. परंतु रात्री शांतपणे विचार करता त्यांचे म्हणणे आम्हांस नाकारता येईना. आमच्या कथेतला वाडासुद्धा आमचा नव्हता, तो वाचलेला होता.

मनाचे समाधान करून घेण्यासाठी आम्ही मराठी कादंबरीचा पूर्वेतिहास चाळला. तेथे थोडा धीर मिळाला. हरिभाऊ आपट्यांसारख्या थोर कादंबरीकाराच्या पहिल्या कृतीवर, १८८५ सालच्या ‘मधली स्थिति’वर, रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकाची छाया आहे. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ हीदेखील मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली. म्हणजे हरिभाऊंनीही आरंभी उसनवारी केली. परंतु ते तेथे थांबले नाहीत. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिताना त्यांनी आपल्याच समाजातील घराच्या माजघरात पाहिले आणि तेथील यमूचे दुःख यमूच्याच तोंडून सांगितले. नवी कल्पना त्यांना दूरवर सापडली नाही. रोजच्या पाहण्यातल्या गोष्टीकडे त्यांनी नीट पाहिले, इतकेच.

हा विचार मनात घोळत असताना कामानिमित्त आमचे गुरसरायला जाणे झाले. झाशीपासून सुमारे ७० किलोमीटरवर, गरौठा तहसिलीतले हे गाव. बाजारातून पुढे गेले की जुनी गढी दिसते. ह्या प्रांती बुंदेलखंडी बोली कानांवर पडत असता, ही गढी कोणाची असे विचारावे आणि उत्तरात ‘खेर’ हे कोकणातले आडनाव यावे, ह्याचा अचंबा आम्हांस बराच वेळ पुरला. सागर-जालौनच्या खेर घराण्याची ही एक शाखा.

ह्या घराण्याचे मूळ पुरुष गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले. रत्नागिरीकडील नेवरे हे त्यांचे गाव. १७२९ साली बाजीरावांनी छत्रसालास साहाय्य केले आणि त्यामुळे बुंदेलखंडाचा जो हिस्सा पेशव्यांकडे आला, त्याच्या व्यवस्थेवर पुढे पंतांची नेमणूक झाली. आपल्या वाचकांच्या भाषेत सांगावयाचे तर परप्रांती बदली झालेला हा अधिकारी. फरक एवढाच की त्याची बदली परत कधी झालीच नाही.

शाळेत आम्हांस पंतांविषयी जे शिकविले ते एका वाक्याचे होते: पैसा वेळेवर न पोचविणारा मामलेदार. परंतु इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात भाऊसाहेबांनी पंतांस लिहिलेली पत्रे आहेत. ती सरकारी नोकराने एकदा तरी वाचावीत. यमुनेवर नावा जमवा, पैसा धाडा, रसद पोचवा, अब्दालीची रसद तोडा, असे तगादे एकावर एक आलेले आहेत. मुलूख बिथरलेला, पावसाळा माथ्यावर, वसुली थकलेली, आणि वरून पत्र येते की विलंब का? अखेर १७६० च्या डिसेंबरात, पानिपतच्या युद्धास महिनाही उरला नसता, दुआबात रसद रोखण्याच्या कामावर असताना अताईखानाच्या फौजेने अचानक छापा घातला आणि वृद्ध गोविंदपंत मारले गेले. पंत दोषी की निर्दोष, हा निवाडा इतिहासकारांनी करावा. आमच्या मनात मात्र भलताच प्रश्न आला. त्या छावणीत ही पत्रे पंतांना वाचून दाखविणारा आणि उत्तरे लिहिणारा कारकून कोण असेल? धन्याची अडचण त्यास ठाऊक, मजकुराची रीत ठाऊक, आणि हे उत्तर पुण्याच्या माणसांस पटणार नाही हेही ठाऊक!

गुरसरायचा इतिहास १७६० पाशी संपत नाही. १८५७ साली झाशीची मराठी राणी ज्या वर्षी इतिहासात शिरली, त्याच वर्षी गुरसरायच्या केशवरावांनी इंग्रजांच्या वतीने जालौनचा कारभार हाती घेतला. एकाच प्रांतातली, एकाच भाषेची दोन घरे दोन वाटांनी गेली. ह्याहून मोठा कथाविषय शोधण्यास कोठे जावयाचे?

आणि इतरांनी तो शोधला, हे सांगताना संकोच होतो. मऊरानीपुरास जन्मलेले झाशीचे वकील वृंदावनलाल वर्मा ह्यांनी १९४६ साली राणीवर हिंदी कादंबरी लिहिली. महाश्वेतादेवी कलकत्त्याहून बुंदेलखंडात हिंडल्या, लोकांच्या तोंडची गाणी व आठवणी त्यांनी गोळा केल्या, आणि १९५६ साली त्यांचे बंगाली पुस्तक निघाले. आपल्याकडे पारसनिसांचे १८९४ चे चरित्र आहे, आणि वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे. भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. आपण काही नवे लिहीत आहो, ही चिंता त्यांना शिवली नसेल. जे भोगले ते त्यांनी लिहिले, आणि १९०७ साली छापले गेलेले ते पुस्तक अद्याप शिळे झालेले नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही परत आलेली ती कथा पिशवीतून काढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर त्या कारकुनाचे पहिले वाक्य लिहिले. ती कथा पुरी होईल की नाही, कोण जाणे. पण तिच्यातला कारकून आम्ही कोठे वाचलेला नाही. त्याची नोकरी आम्ही रोज करतो. सागर, जालौन, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर येथे नेमणुकीस असलेल्या आमच्या वाचकबंधूंनीही आपल्या कचेरीजवळची अशी एखादी गढी एकदा पाहून यावी, एवढीच विनंती.