गाडी धंद्याची, पण नोंदवही कोठे?

आर्थिक वर्ष संपत आले, की सनदी लेखापालांच्या कार्यालयांत पेट्रोल पंपाच्या पावत्यांचे गठ्ठे येऊ लागतात. निम्म्या पावत्यांवरील शाई उडालेली असते, उरलेल्यांवर गाडीचा क्रमांक नसतो. खर्च झालेला असतो. तो व्यवसायासाठी झाला, हे मात्र सिद्ध करता येत नाही.

व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीचे इंधन, विमा, दुरुस्ती, चालकाचा पगार, कर्जावरील व्याज आणि घसारा यांची वजावट मिळते. गाडी अंशतः खासगी कामासाठी वापरली, तर वजावटही त्या प्रमाणात घटते. १९६१ च्या आयकर कायद्यातील हे तत्त्व १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे; बदलले ते कलमांचे क्रमांक. अनुमानित उत्पन्नाची योजना स्वीकारणाऱ्यांना मात्र हा खर्च वेगळा दाखविता येत नाही.

वाद होतो तो प्रमाणावरून. एकल मालकीच्या व्यवसायात नोंदी नसल्यास निर्धारण अधिकारी अनेकदा एक पंचमांश किंवा एक दशांश खर्च अंदाजाने खासगी ठरवितात. समजा, एखाद्या व्यापाऱ्याची गाडी वर्षात १८,००० किलोमीटर धावली, त्यांपैकी १६,२०० किलोमीटर कामासाठी. घसाऱ्यासह खर्च ३,९०,००० रुपये असेल, तर नव्वद टक्क्यांनी ३,५१,००० रुपयांची वजावट मिळावयास हवी. एक पंचमांश कपात झाल्यास ती ३,१२,००० वर येते. तीस टक्के दराने ११,७०० रुपयांचा जादा कर आणि त्यावर उपकर, तोही केवळ वही नाही म्हणून.

कंपनीची गोष्ट निराळी. कंपनी ही कृत्रिम व्यक्ती असल्याने तिचा ‘खासगी वापर’ संभवत नाही, असे गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनीअरिंगच्या प्रकरणात म्हटले आहे. तथापि संचालकाने गाडी घरच्या कामासाठी वापरल्यास तो लाभ त्याच्या उत्पन्नात धरला जातो. १९६२ च्या आयकर नियमांनी, वापर पूर्णतः कार्यालयीन असल्याचे सांगणाऱ्या मालकाकडून प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च असा तपशील मागितला होता. हाच नमुना छोट्या व्यावसायिकानेही उचलावा. त्यात भेटीचे कारण आणि दोन्ही वेळचे मीटर वाचन यांची भर घातली, की वही पुरी होते. १ एप्रिल आणि ३१ मार्चचे वाचन विसरू नये. सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डावर मीटरचा आकडा असतो आणि फास्टॅगच्या विवरणात टोलनाक्याची वेळ. वही वर्षअखेरीस एका बैठकीत ‘रंगविलेली’ असेल, तर विसंगती येथेच उघड होते. पावत्यांची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत.

चालकाला १५,००० रुपये पगार एकाच दिवशी रोख दिला, तर संपूर्ण रक्कम नामंजूर होऊ शकते. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख देण्यावर हे बंधन आहे. कर्जाचा पूर्ण हप्ता खर्चात टाकण्याची चूकही सर्रास होते, वजावट फक्त व्याजाची असते. मोटारीवरील घसारा साधारणतः १५ टक्के. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास निम्माच. दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेल्या गाडीला त्या वर्षी ही निम्म्याची अट लागू होते.

वस्तू व सेवा कराबाबत अपेक्षा माफकच ठेवाव्यात. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट, गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक वा वाहन प्रशिक्षण हाच व्यवसाय असल्याखेरीज, मिळत नाही. पेट्रोल-डिझेल तर या कराच्या कक्षेबाहेरच आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाने अशी, क्रेडिट न घेतलेली जुनी गाडी विकल्यास जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर लागतो, पण तो केवळ फरकावर. घसारा घेतला असल्यास घसारा वजा जाता उरलेले मूल्य विक्रीच्या रकमेतून वगळतात. फरक उणे आला, तर कर नाही. हा हिशेब मांडण्यासाठी खरेदीच्या बिलापासूनचे कागद लागतात, आणि या कायद्यान्वये हिशेबवह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात.