शेरमन व्हाइटचा मृत्यू आणि 'गुणवत्ते'चा अहवाल

2 जुलै 1943. सिसिली बेटावर बॉम्बफेकीला निघालेल्या अमेरिकी विमानांच्या संरक्षणाची कामगिरी 99व्या लढाऊ स्क्वाड्रनकडे होती. त्या दिवशी स्क्वाड्रनच्या चार्ल्स हॉलने शत्रूचे विमान पाडले. तो तिचा पहिला विजय. त्याच दिवशी शेरमन व्हाइट आणि जेम्स मॅक्युलिन या दोन तरुण वैमानिकांनी प्राण गमावले. अमेरिकेच्या या पहिल्या कृष्णवर्णीय लढाऊ स्क्वाड्रनचे युद्धमोहिमेतले हे पहिले बळी.

व्हाइट अलाबामातल्या माँटगोमेरीचा. पुढे 1955 साली बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, ते हेच शहर. आपल्याच गावात बसमध्ये मागे बसावे लागणारा तरुण देशासाठी विमान चालवताना मेला.

या बलिदानाने वर्णद्वेष विरघळला का? मुळीच नाही. अवघ्या अडीच महिन्यांत वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याने, कर्नल मोमायरने, अहवाल पाठवला: या स्क्वाड्रनमध्ये आक्रमकता नाही, एकजूट नाही. 1925 च्या लष्करी अहवालानेही कृष्णवर्णीयांना बुद्धीने व धैर्याने कमी ठरवले होते. निष्कर्ष आधीच तयार होता, आता त्याला फक्त पुरावा शोधायचा होता!

स्क्वाड्रनचा प्रमुख बेंजामिन डेव्हिस चौकशी समितीपुढे उभा राहिला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षे त्याच्यावर बहिष्कार होता. खोलीत सोबती नाही, पंगतीत शेजारी नाही, कामाशिवाय कुणी बोलणार नाही. अस्पृश्यता याहून वेगळी काय असते? डेव्हिसने सांगितले की आमच्यात युद्धाचा अनुभव असलेला एकही वैमानिक नव्हता. कुठून असणार? तोवर कृष्णवर्णीयाला लष्करी विमानात बसूच दिले नव्हते. आधी दार बंद करायचे, मग अनुभव नाही म्हणून हिणवायचे. आरक्षणविरोधकांच्या तोंडची 'मेरिट'ची भाषा आम्हाला इथेच ओळखीची वाटते.

जानेवारी 1944 मध्ये याच स्क्वाड्रनने अँझिओवर दोन दिवसांत डझनभर विमाने पाडली. तरीही सैन्यातले वेगळे ताट उठले नाही. रेल्वे पोर्टरांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी 1948 साली भेदभाव करणाऱ्या सैन्यात भरतीलाच नकार देण्याची हाक दिली. तेव्हा कुठे 26 जुलै 1948 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला.

आपला इतिहास वेगळा नाही. पिढ्यान्पिढ्या लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पराक्रमाच्या आठवणीने ती उघडली नाही. त्यासाठी बाबासाहेबांना सरकारशी सतत झगडावे लागले आणि 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. 99वे स्क्वाड्रनही त्याच वर्षीचे. 1946 साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य मांडले, ते उगाच नव्हे.

शहिदांना अभिवादन जरूर करूया. पण बलिदान दिले की न्याय आपोआप मिळतो, या भ्रमात राहू नये. व्हाइटने जीव दिला आणि बदल्यात त्याच्या बांधवांना नालायकीचा शेरा मिळाला. तो शेरा खोडला संघटित, निर्भय मागणीने. म्हणून संघटित व्हा. जयभीम!