अपुरी राहिलेली पदवी

विद्येला वय नाहीं, हें वचन फार जुनें आहे. परंतु विद्यापीठाच्या पदवीला वय होतें. मनुष्यानें अठराव्या वर्षाच्या सुमारास कॉलेजांत प्रवेश करावा, ठरलेल्या टर्म्स ओळीनें भराव्या आणि विशी-बाविशींत पदवी घेऊन बाहेर पडावें, ही रीत इतकी रूढ झाली होती कीं, जो मध्येंच थांबला त्याची गणना कोठेंच होत नसे. वडिलांचा मृत्यु, लग्न, नोकरी किंवा दुखणें यांमुळें दोन वर्षें शिकून परतलेला इसम आणि कॉलेजची पायरीहि न चढलेला इसम हे दप्तराच्या दृष्टीनें सारखेच. आज चाळिशी उलटलेला कारकून किंवा मुलें मोठीं झालेली गृहिणी घरीं बसून संगणकाच्या द्वारें आपली अपुरी पदवी पुरी करूं शकते, आणि या गोष्टीचें श्रेय बहुतेक लोक यंत्राला देतात. इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, पदवी तीन बंधनांनीं बांधलेली होती: वर्गांतील हजेरी, विवक्षित स्थळ आणि विवक्षित काळ. यंत्राचें साहाय्य मुख्यतः दुसरें बंधन तोडण्यास झालें. पहिलें आणि तिसरें हीं नियमांचीं बंधनें होतीं, आणि तीं नियमांनींच तोडावीं लागलीं.

पहिलें बंधन सुटलें तें लंडनमध्यें. १८३६ सालीं स्थापन झालेलें लंडन विद्यापीठ प्रारंभीं स्वतः शिकवीत नसे. तें केवळ परीक्षा घेई आणि पदव्या देई. मात्र मान्य संस्थेंत अध्ययन केल्याचा दाखला उमेदवाराला आणावा लागे. १८५८ च्या नव्या सनदेनें वैद्यकाखेरीज इतर परीक्षांसाठीं ही अट काढून टाकली. उमेदवार कोठें शिकला, कोणापाशीं शिकला, कीं दिव्याच्या उजेडांत एकटाच शिकला, हें विद्यापीठानें विचारावयाचें सोडून दिलें; त्याला काय येतें एवढेंच पाहावयाचें ठरविलें. वीस वर्षांनीं, १८७८ सालीं, याच विद्यापीठानें स्त्रियांनाहि पदव्यांचा अधिकार दिला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं लंडनच्याच धर्तीवर निघालीं होतीं. परंतु लंडननें जी हजेरीची अट अवघ्या एका वर्षानें टाकून दिली, ती येथें उचलली गेली ती कायमची. टर्म भरल्यावांचून परीक्षा नाहीं, हा दंडक येथें पुढें अनेक पिढ्या चालला.

लंडनचा कित्ता दक्षिण आफ्रिकेंतहि गिरवला गेला. १८७३ सालीं केप प्रांतांत निघालेलें आणि १९१६ पासून ‘युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिका’ या नांवानें चाललेलें विद्यापीठ बाहेरील उमेदवारांच्या परीक्षा घेई; १९४६ पासून तें टपालानें शिकवूंहि लागलें. नेल्सन मंडेला हे फोर्ट हेअर कॉलेजांत शिकत असतां विद्यार्थी-मंडळाच्या वादामुळें १९४० सालीं पदवीवांचून बाहेर पडले. जोहान्सबर्ग येथें दिवसा वकिलांच्या कचेरींत कारकुनी आणि रात्रीं अभ्यास, असा क्रम ठेवून त्यांनीं याच विद्यापीठाची बी. ए. परीक्षा १९४२ च्या अखेरीस उत्तीर्ण केली. कायद्याच्या पदवीची कथा याहून लांब आहे. तिचा अभ्यास त्यांनीं १९४३ सालीं आरंभिला. तो अपुरा राहिला. पुढें तुरुंगांत असतां लंडनचे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून तो पुन्हां हातीं घेतला. आणि अखेर १९८९ सालीं, सत्तर वर्षें उलटल्यावर व बंदिवासांत असतांनाच, दक्षिण आफ्रिकेच्या त्या टपाली विद्यापीठाकडून पदवी मिळविली. आरंभ आणि शेवट यांत सेहेचाळीस वर्षांचें अंतर पडलें. त्यांच्या जवळ यंत्र नव्हतें. वर्गांत न येणाऱ्या विद्यार्थ्यालाहि विद्यार्थी मानणारें विद्यापीठ मात्र होतें.

दुसरें बंधन स्थळाचें. टपालानें तें सैल केलें, आणि नभोवाणी व दूरदर्शन यांनीं आणखी सैल केलें. १९६३ च्या सप्टेंबरांत ग्लासगो येथील भाषणांत हॅरल्ड विल्सन यांनीं ‘आकाशांतील विद्यापीठा’ची कल्पना मांडली. ते पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या मंत्रिणीनें ती चिकाटीनें तडीस नेली. १९६९ सालीं ‘ओपन युनिव्हर्सिटी’ला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारींत वीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं अभ्यास सुरू केला. प्रवेशासाठीं पूर्वपरीक्षेची अट नव्हती. पाठ बी. बी. सी. वरून येत, पुस्तकें टपालानें येत, आणि गांवोगांवचे मार्गदर्शक स्वाध्याय तपासून परत पाठवीत. पहिल्या विद्यार्थ्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा होता. इतरांना शिकवीत असलेल्या परंतु स्वतः पदवीपर्यंत न पोहोंचलेल्या या वर्गाला हें दार फार दिवसांनीं उघडलेलें होतें.

भारतांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालींच पत्रद्वारा पदवी-शिक्षण सुरू केलें होतें. १९८२ सालीं हैदराबाद येथें देशांतलें पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ज्याची शाळाच अर्धवट सुटली त्यालाहि पूर्वतयारीचा अभ्यास पुरा करून पदवीच्या वर्गांत येतां यावें, ही सोय नाशिकच्या विद्यापीठानें केली. पुढें २०१७ सालीं केंद्र सरकारचें ‘स्वयम्’ हें व्यासपीठ आलें. २०१८ च्या नियमांनीं पात्र विद्यापीठांना संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची मोकळीक मिळाली. आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी वर्गांतील पदवीशीं समतुल्य आहे, हें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं स्पष्टपणें जाहीर केलें. स्थळाचें बंधन याप्रमाणें बहुतांशीं गळून पडलें.

उरलें तिसरें बंधन, काळाचें. आणि अपुऱ्या पदवीचा खरा प्रश्न हाच आहे. महाराष्ट्राला याचें एक उदाहरण चांगलें परिचित आहे. बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें भीमराव आंबेडकर यांना १९१७ सालीं लंडनचा अभ्यास टाकून परत यावें लागलें. तथापि चार वर्षांच्या आंत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनीं मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचें साहाय्य आणि एका मित्राचें कर्ज यांची त्याला जोड मिळाली. आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. १९२१ सालीं एम्. एस्सी. आणि १९२३ सालीं डी. एस्सी. या पदव्या त्यांना मिळाल्या. त्यांची बुद्धि आणि त्यांचे कष्ट यांविषयीं दुमत नाहीं. परंतु ती चार वर्षांची परवानगी नसती, तर त्या दोन्हींना नव्यानें आरंभ करावा लागला असता.

एका विद्यार्थ्याला अर्ज करून मिळालेली ही सवलत ओपन युनिव्हर्सिटीनें सर्वांचा हक्क म्हणून दिली. वर्षभराचा एक पाठ्यक्रम पुरा झाला कीं एक श्रेय जमा. अशीं सहा श्रेयें झालीं कीं सामान्य पदवी, आठ झालीं कीं ऑनर्स. मध्यें एखादें वर्ष खंड पडला तरी पूर्वींची जमा बुडत नसे, आणि अन्यत्र केलेल्या अभ्यासाबद्दल कांहीं श्रेयांची सूटहि मिळूं शके. अमेरिकेंत २०१९ सालीं केलेल्या गणनेंत कॉलेजचें कांहीं शिक्षण घेऊन पदवीवांचून बाहेर पडलेले सुमारें ३ कोटी ६० लाख लोक आढळले. एवढ्या लोकांची जमा कोठें तरी पडून आहे, असा त्या आंकड्याचा अर्थ आहे. भारतांत २०२१ च्या नियमांनीं श्रेयांची पेढी निघाली. विद्यार्थ्यानें मिळविलेलीं श्रेयें तिच्यांत जमा राहतात आणि एका संस्थेंतून दुसऱ्या संस्थेंत नेतां येतात. मात्र या नियमांत श्रेयांचें आयुष्य सामान्यतः सात वर्षांचें धरलें आहे.

सात वर्षें हा काळ तरुणाला पुष्कळ वाटेल. संसाराला तो पुरत नाहीं. विसाव्या वर्षीं लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या स्त्रीचा धाकटा मुलगा शाळेंत जाऊं लागेपर्यंतच तो सरतो. शास्त्रांतील कांहीं विषय लवकर जुने होतात, हें खरें; परंतु भाषा, इतिहास किंवा गणित यांत एकदां मिळविलेलें ज्ञान आठव्या वर्षीं नाहींसें होतें असें मानण्यास आधार नाहीं. लंडननें १८५८ सालीं ‘कोठें शिकलास?’ हा प्रश्न सोडला आणि ‘काय येतें?’ हा धरला. ‘केव्हां शिकलास?’ या प्रश्नाचेंहि तसेंच करतां येईल. जुनी गुणपत्रिका घेऊन आलेल्या प्रौढ विद्यार्थ्याची जरूर तर चाचणी घ्यावी, उणें असेल तेवढें शिकवावें, आणि बाकीचें त्याच्या खातीं जमा धरावें. घरोघरीं पाठ पोहोंचविणारें यंत्र आतां आलेंच आहे. विद्यापीठांनीं आपलीं जुनीं दप्तरें उघडण्याचें काम मात्र अद्याप व्हावयाचें आहे.