तासाला २५ मिलिमीटर

दर पावसाळ्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्या कॉलेजच्या कंपूत "त्या दिवशी तू कुठे होतास?" हा विषय निघतोच. कुठला दिवस ते सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५. मी अंधेरीला ऑफिसात होतो, नोकरीचं दुसरंच वर्ष. संध्याकाळी सहाला निघालो तो बोरिवलीला घरी पोचलो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. छातीएवढ्या पाण्यात आमच्या पुढे एक काका बंद छत्रीने रस्ता चाचपत चालले होते. मध्येच थांबून ओरडायचे, "इथून नको, डावीकडून या!" आणि आम्ही दहा-बारा अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून निमूट डावीकडून जायचो. काका नेमके कशाला घाबरत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

परवा पुन्हा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "महानगरपालिकेने गटारं साफ केली असती तर काही झालं नसतं." मला हे पटेना, म्हणून शनिवार-रविवार हाच इतिहास चाळत बसलो.

मुंबईत पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांना पालिकेच्या भाषेत पर्जन्य जलवाहिन्या म्हणतात. ही यंत्रणा कशासाठी बांधली होती? तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तेसुद्धा ओहोटी असताना. शिवाय गृहीत असं की पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल. म्हणजे गटारात यायचं फक्त साडेबारा मिलिमीटर. ब्रिटिशांच्या काळात, मोकळ्या मैदानांच्या आणि वाड्यांच्या मुंबईत, हे ठीकच होतं. पुढे सगळीकडे डांबर आणि काँक्रीट आलं, मुरायला जमीन राहिली नाही. आकडा मात्र तोच राहिला.

त्यात भरतीचं दुखणं जुनं. अठराव्या शतकात वरळीची खिंड बांध घालून बुजवली आणि आतली जमीन माणसांना मिळाली, पण तिचा बराच भाग भरतीच्या पातळीखालीच राहिला. गटारं समुद्रात जिथे उघडतात, त्या पातमुखांपैकी कित्येक भरतीत पाण्याखाली जातात. अशा वेळी पाणी बाहेर जात नाहीच, उलट समुद्रच आत येऊ पाहतो.

आणि हे कुणाला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. १९८५ च्या पुरानंतर पालिकेने सल्लागार नेमून सगळ्या यंत्रणेचा अभ्यास करवून घेतला. १९९३ साली अहवाल आला, त्याचं नाव ब्रिमस्टोवॅड. तासाला ५० मिलिमीटरची क्षमता ठेवा, काहीही मुरणार नाही असं धरा, नाले रुंद करा, पंप बसवा. खर्च सुमारे ६१६ कोटी. गंमत बघा, पाऊस दुप्पट आणि वाहणारा हिस्साही दुप्पट, म्हणजे क्षमता चौपट करायची होती! पैसे नाहीत म्हणून थोडीफार कामं झाली आणि अहवाल बारा वर्षं जवळजवळ तसाच पडून राहिला.

मग २६ जुलै उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. दुपारनंतरच्या एका तासात तर १९० च्या आसपास, आणि नेमकी चारच्या सुमारास मोठी भरती. आता मित्राच्या म्हणण्याचा हिशेब करू. गटारं आरशासारखी लखलखीत असती तरी त्या तासात त्यांच्या क्षमतेच्या पंधरा पट पाणी आलं होतं. ब्रिमस्टोवॅड पूर्ण झालं असतं तरी जवळजवळ चौपट. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस होता फक्त ७३ मिलिमीटर. शहरात हवामान खात्याची पर्जन्यमापक केंद्रं दोनच, कुलाबा आणि सांताक्रूझ. फोर्टातल्या पालिका मुख्यालयाच्या खिडकीतून बघणाऱ्याला कुर्ल्यात काय चाललंय ते कसं कळणार?

त्यानंतर पालिका हलली, हे कबूल करायला हवं. माधव चितळे समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्याच वर्षी अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणारी स्वयंचलित पर्जन्यमापकं बसू लागली. २००७ मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडला १२०० कोटी मंजूर केले. ठरलेल्या आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा एकेक करून सुरू झाली. माहुलचं मिठागराच्या जागेवरून वर्षानुवर्षं रखडलं.

पण मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. २९ ऑगस्ट २०१७, सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर. एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून पाण्यातून घरी चालत निघाले. पाणी लवकर ओसरावं म्हणून रहिवाशांनी मॅनहोलचं झाकण काढलं होतं. डॉक्टर त्यात पडले. मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदरचे पंप तोवर सुरू झालेले होते. झाकणाखाली एक लोखंडी जाळी असती तर डॉक्टर वाचले असते. त्या जाळ्या पालिकेने पूरप्रवण भागांत बसवायला घेतल्या त्या यानंतर.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर किती लोड घेईल ते ठरवतो, आणि त्याहून जास्त आला तर तो कसा पडावा हेही ठरवतो. सगळा डेटा घेऊन पडू नये, एवढं तरी बघतोच. मुंबईने पन्नासचा आकडा ठरवला, पण एक्कावन्नाव्या मिलिमीटरला रस्त्यावरच्या माणसाचं काय होईल याचं डिझाइन कुणी केलंच नाही. पन्नासाच्या वरचा पाऊस पुन्हा पुन्हा येणार आहे. तेव्हा पाणी साचणारच. साचलेल्या पाण्यात माणूस मरू नये यासाठी लागतं ते स्वस्तच असतं: जाळी, कठडा, वेळेवर "घरी जा" किंवा "आहात तिथेच थांबा" असा निरोप. स्वस्त असल्यामुळेच बहुधा त्याचं उद्घाटन होत नाही.

२५ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अंधेरीत, सीप्झजवळ, एक बाई मुसळधार पावसात उघड्या गटारात पडून गेल्या. २००५ ला आम्ही हात धरून चाललो होतो तो रस्ता तिथून फार लांब नाही. बातमी वाचली आणि एकोणीस वर्षांनी मला ते छत्रीवाले काका कशाला घाबरत होते ते कळलं.